फुले होण्याआधीचे गोऱ्हे: गंज पेठ ते कटगुण

पहिला दिवस – गंज पेठ, पुणे

जोतीराव फुल्यांच्या पणजोबांचं आडनाव फुले नव्हतं, गोऱ्हे होतं. शाळेत हे एका ओळीत येतं, मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव कटगुण, तालुका खटाव, जिल्हा सातारा, आणि लगेच पुढच्या ओळीत मुलींची शाळा सुरू होते. पण त्या एका ओळीत एक खून आहे, एक परागंदा झालेलं कुटुंब आहे, कर्जात गेलेली शेती आहे, शेरडं राखणारी तीन पोरं आहेत आणि मग कुठे फुलं येतात. बरीच वर्षं डोक्यात होतं की ही ओळ एकदा उलटी चालून बघायची, म्हणजे ते लोक ज्या क्रमाने पुण्यात आले त्याच्या उलट्या क्रमाने पुण्यातून मागे मागे कटगुणपर्यंत जायचं. आत्याला सांगितलं तर ती लगेच तयार. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली, सगळा जन्म पहिली-दुसरीची पोरं शिकवण्यात गेला, आणि आमचे आजोबा गावाकडे सत्यशोधकी पद्धतीने लग्नं लावायचे त्यामुळे आमच्या घरात देवघराशेजारीच जोतीरावांचा फोटो असायचा. तिने एकच अट घातली, सुरुवात 28 नोव्हेंबरला जोतीरावांच्या घरावरून, फुले वाड्यावरूनच करायची.

28 नोव्हेंबर म्हणजे स्मृतिदिन, 1890 साली या तारखेला जोतीराव गेले. त्यामुळे सकाळपासून गंज पेठेत गर्दी, गंज पेठेचंच नाव आता महात्मा फुले पेठ आहे पण रिक्षावाल्याला गंज पेठ सांगितलं की पटकन कळतं. संघटनांचे लोक, शाळेच्या पोरी रांगेत, हार, ढोल, आणि या सगळ्याच्या मध्ये ते साधं बैठं घर. पहिल्यांदा येणाऱ्याला वाडा म्हणजे मोठा दरवाजा, दिंडी, चौक असं काहीतरी वाटत असतं, पण हे खरंच कुणीतरी राहून गेल्यासारखं घर आहे, अंगण, विहीर, खोल्यांमधून आयुष्यातले प्रसंग रंगवलेली चित्रं. अंगणात समाधी आहे. जोतीरावांची इच्छा होती की आपल्याला घराच्या आवारातच मिठात घालून पुरावं, खड्डासुद्धा खणून ठेवलेला होता, पण नगरपालिकेने परवानगी दिली नाही, मग दहन झालं, त्या वेळी टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी स्वतः धरलं आणि नंतर अस्थी इथे आणून ठेवल्या. आत्या तिथे बराच वेळ उभी होती. बाजूला सहावी-सातवीच्या मुली होत्या, त्यांच्या बाई गर्दीत कुठेतरी अडकल्या होत्या, तर आमच्या आत्यांनी तिथेच वर्ग सुरू केला. विचारलं, जोतीरावांच्या वडिलांचं नाव काय? गोविंदराव, सगळ्या एका सुरात. आजोबांचं? सगळ्या गप्प. "शेटिबा," आत्या म्हणाली, "लिहून घ्या गं, शेटिबा गोऱ्हे." आणि त्या पोरींनी खरंच वह्या काढून लिहून घेतलं.

आता फुले हे नाव आलं कुठून ते सांगते, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावरच आहे. चरित्रांमधून जी हकीकत येते ती अशी की शेटिबा पुण्यात आले ते हात रिकामे घेऊन. त्यांना तीन मुलगे, राणोजी, कृष्णा आणि गोविंद. पोरं लहान होती तेव्हा दुसऱ्यांची शेरडं राखायची. मग एका फुलं विकणाऱ्या माळ्याने त्यांना आपल्याकडे कामाला घेतलं आणि पोरं तो धंदा शिकली, म्हणजे नुसतं फुलं विकणं नाही, हार, गजरे, वेण्या, तुरे, फुलांच्या जाळ्या, फुलांच्या गाद्या. हात इतका बसला की पेशव्यांच्या वाड्यापर्यंत नाव गेलं, तिथे फुलं पुरवायचं काम मिळालं आणि खूश होऊन पेशव्यांनी त्यांना 35 एकर जमीन इनाम दिली. लोक त्यांना फुले म्हणायला लागले. गोऱ्हे मागे पडलं.

पेशवाई गेली 1818 ला, जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 चा. म्हणजे हे नाव बदलणं जोतीराव जन्मायच्या आधीच पुरतं होऊन गेलेलं होतं, ते जन्माला आले तेच फुले म्हणून. आणि हे 35 एकरसुद्धा तीन भावांत राहिले नाहीत, थोरल्या राणोजींनी सगळं इनाम आपल्याकडे ठेवलं आणि धाकट्या दोघांना काही मिळालं नाही असं चरित्रकार लिहितात. गोविंदरावांनी मग भाजीपाला-फुलांचा धंदा आणि शेती करून स्वतःचं उभं केलं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. जोतीरावांच्या वाट्याला वडिलोपार्जित म्हणून जे आलं त्यात पेशव्यांचं इनाम नाही, फक्त नाव आलं. तेही कामावरून पडलेलं.

दुपारी चालत मंडईकडे गेलो. 1886 मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली ती इमारत, आज महात्मा फुले मंडई. भोवती फुलवाल्यांच्या टोपल्या, शेवंती, झेंडू, गुलछडी, गुलाबाच्या गड्ड्या. एका मावशींकडून आत्याने वेणी घेतली आणि बोलता बोलता विचारलं माल कुठून येतो, तर म्हणाल्या, मार्केट यार्डातनं, पण शेवंती-ॲस्टर जास्त करून पुरंदरचा, सासवडकडचा. मी आत्याकडे बघितलं. उद्या आम्ही तिकडेच जाणार होतो. मावशींची बोटं बोलताना थांबत नव्हती, दोरा, फूल, गाठ, दोरा, फूल, गाठ, खाली बघतसुद्धा नव्हत्या. दोनशे वर्षांपूर्वी तीन भावांनी याच शहरात हे काम शिकलं आणि त्यावर आडनाव बदललं.

येताना बुधवार पेठेतून आलो. भिडे वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे. 1848 ची मुलींची शाळा तिथली. आत्या गाडीतून उतरली, हात जोडले, परत बसली.

दुसरा दिवस – दिवे घाट, खानवडी, सासवड

सकाळी लवकर निघालो कारण हडपसरचं ट्रॅफिक. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगमध्ये गेल्या त्या इथेच, हडपसरच्या माळावर त्यांच्या मुलाने, यशवंतने दवाखाना घातला होता तिथे आजारी माणसं आणता आणता, 10 मार्चला. आता त्या माळावर आयटी पार्क आणि टॉवर. दिवे घाट चढलो, खाली मस्तानी तलाव, वर आलं की हवा बदलतेच. वारीतले फोटो असतात ना वळणावळणाचे ते याच घाटातले.

खानवडी सासवडपासून जवळच आहे, कऱ्हेच्या खोऱ्यात, पुरंदर तालुका. कटगुणहून पळालेलं कुटुंब इथे येऊन राहिलं, कुणाची तरी जमीन कसून, नंतर थोडीफार स्वतःची करून. शेटिबांचं आयुष्य इथलं. माणूस भोळा, हात सैल, व्यवहार जमला नाही, कर्ज झालं, जे होतं ते विकावं लागलं आणि मग पुणं. म्हणजे खानवडी हे या घराण्याचं मधलं गाव, आणि मधल्या गावाचं जे होतं तेच याचं झालं, कुणी फारसं बोलत नाही. कटगुण मूळ गाव म्हणून पाठ असतं, पुणे कर्मभूमी म्हणून, पण एक अख्खी पिढी जिथे घाम गाळून बुडाली ते गाव वाक्यात "तिथून ते खानवडीला आले" एवढंच.

गावात जोतीरावांचं स्मारक आहे, पुतळा आहे, कालच्या हारांची फुलं अजून ताजी होती. सकाळी कुणी नव्हतं, मग शाळेकडे जाणारी दोन पोरं आली, त्यांनी नमस्कार केला आणि गेली, रोजच्यासारखा. आत्या खूश.

आजूबाजूला शेतं बघितली. ॲस्टर जांभळा-पांढरा-गुलाबी पट्ट्या पट्ट्यांनी, शेवंती, कडेला सीताफळाच्या बागा, तोडणी संपत आलेली, अंजिराला मात्र हंगाम लागलेला. बांधावर एक काका पाणी देत होते, त्यांच्याशी बोललो. आत्याने सांगितलं की आम्ही फुल्यांच्या पूर्वजांच्या गावांना चाललोय, तर म्हणाले, "मग इथलं लवकर बघून घ्या बाई, पुढच्या टायमाला धावपट्टी आसंल." पुरंदर विमानतळासाठी ज्या सात गावांची जमीन घ्यायची आहे त्यात खानवडी आहे, शेजारची पारगाव, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी पण आहेत. बऱ्याच वर्षांपासून लोक विरोध करताहेत, मोर्चे, ग्रामसभांचे ठराव. काकांचं म्हणणं साधं होतं. म्हणाले पैसा मिळंल, पण पैसा घेऊन गेलेला शेतकरी पुढं काय करतो ते आमी चाकणला बघितलंय, हिंजवडीला बघितलंय.

मी इथे विमानतळाच्या बाजूने-विरुद्ध असा निबंध लिहिणार नाही, पण जे वाटलं ते लिहिते. शेटिबांची जमीन कर्जात गेली, त्यांना कुणी मोबदला दिला नाही, आणि शेरडं राखणाऱ्या पोरांना एका माळ्याने हाताला धरून हुन्नर शिकवला म्हणून ते घर तरलं. जमीन गेल्यावर माणसाच्या हातात कुठलं काम राहतं हा प्रश्न या गावाला तेव्हाही होता आणि आज तोच पुन्हा समोर आहे. जोतीरावांनी 1883 साली शेतकऱ्यांच्या हालांवर जे पुस्तक लिहिलं त्यात सावकार आहे, कोर्टकचेरी आहे, कर्जाचे कागद आहेत, वाचता न येणाऱ्याकडून अंगठा कसा घेतला जातो ते आहे. पुण्यात वाढलेल्या, कंत्राटदारी केलेल्या माणसाला हे इतकं आतून कसं माहीत असं मला आधी वाटायचं. खानवडीत उभं राहिल्यावर तसं वाटत नाही. आजोबांची गोष्ट घरात कानावर पडलीच असणार.

काकांनी अंजिरं दिली, पैसे घेतले नाहीत. सासवडला मुक्काम, संध्याकाळी सोपानदेवांच्या समाधीला आणि संगमेश्वरला जाऊन आलो, कऱ्हा आणि चांबळीचा संगम, जुनं दगडी काम फार सुंदर आहे, पण पाय दुखत होते म्हणून लवकर परत.

तिसरा दिवस – जेजुरी, नीरा, लोणंद, सालप्याचा घाट, पुसेगाव

आजचा दिवस सगळा रस्त्याचा. गुगल मॅप सारखं सांगत होतं हायवेने साताऱ्यावरून जा, पण आम्हाला त्या लोकांच्या अंदाजाने जायचं होतं. कुठल्या वाटेने ते आले याचा कागद नाही, पण खटावहून पुरंदरला पायी येणाऱ्याला मध्ये डोंगराची एक रांग उतरायची आणि नीरा ओलांडायची, एवढं नक्की. म्हणून जेजुरी, नीरा, लोणंद, सालपे, वाठार असं धरलं.

जेजुरीत गड चढलो नाही, आत्याने खालूनच भंडारा लावला. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू. पुलाच्या पलीकडे गाडी बाजूला लावून नदी बघितली. पाठीवर बोचकी, पोरंबाळं, मागे कुणी येतंय का ही भीती, आणि समोर ही नदी. पलीकडे गेल्यावर आपल्याला कुणी ओळखत नाही हा केवढा आधार असेल त्यांना, आणि केवढी मोठी शिक्षासुद्धा, कारण त्या काळात गावाबाहेर माणसाला ओळखच नव्हती. गावात तुम्ही अमक्याचे चौगुले, तमक्याचे भाऊबंद. गाव सोडलं की तुम्ही कुणीच नाही, उपरे. मराठी मुलखात असल्या माणसाला खूप वेळा दोनच नावं मिळतात, एक तर ज्या गावाहून आला त्या गावाचं नाव कर लावून, नाहीतर जे काम करतो त्या कामाचं. यांचं कटगुणकर झालं नाही. जो माणूस कटगुणहून लपून आलाय तो कटगुणचं नाव मिरवणार कसा, असं आत्याचं मत आहे आणि मला ते अगदी पटतं.

लोणंदला कांद्याचा वास सगळीकडे, मार्केटला गाड्यांची रांग. जेवण केलं, पिठलं-भाकरी, ठेचा. सालप्याच्या घाटात मेंढरांचा कळप आडवा आला, धनगर कुटुंब, घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं पिशवीत. गाडी बंद करून थांबलो. एक आठ-दहा वर्षांचा पोरगा काठी घेऊन मागे राहिलेली शेळी हाकत होता, आणि आत्या एकदम म्हणाली, "गोविंदा असाच असणार बघ." मी काही बोलले नाही, तिने त्या पोराला अंजिरं दिली, शाळेत जातोस का विचारलं, तो हसला आणि पळाला.

वाठार स्टेशन, कोरेगाव, तिथून पंढरपूर रस्त्याला लागलो. वर्धनगडाच्या खिंडीतून पलीकडे उतरलं की मुलूखच वेगळा. अलीकडे ऊस, आलं, घेवडा, पलीकडे उघडे माळ, ज्वारी, मोकळं आभाळ. हा पर्जन्यछायेचा पट्टा, खटाव-माण, दुष्काळी म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत. पुसेगावात सेवागिरी महाराजांच्या मठाजवळ मुक्काम केला, यात्रा महिन्याभरावर आलेली, आत्तापासूनच पाळणेवाल्यांची चौकशी चालू होती.

चौथा दिवस – कटगुण, मग नायगाव

पुसेगावहून कटगुण अगदी थोडं. सकाळचं ऊन, ज्वारी गुडघ्याएवढी, येरळेच्या खोऱ्यातलं गाव. जोतीरावांच्या मूळ गावी म्हणून इथेही स्मारक आणि पुतळा आहे. पारावर म्हातारी मंडळी बसलेली, त्यांनी लांबूनच ओळखलं आम्ही कशासाठी आलोय. "कुठनं आला बाई? बसा की." चहा आला. मग गप्पा.

मी वहीत लिहून आणलेले प्रश्न काढले. गोऱ्हे की गोरे, कारण छापील मजकुरात दोन्ही सापडतं. एक आजोबा म्हणाले, बोलताना ह कोण म्हणतंय बाई, गोरंच म्हंत्यात. गोऱ्हा म्हणजे औताला न धरलेला तरणा खोंड हे खेड्यात सांगायला लागत नाही. मग मी चौगुल्याचं विचारलं.

चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा वतनदार. पाटील गावचा मुख्य, कुलकर्णी लिहिणारा, आणि चौगुला पाटलाला मदत करणारा, सारा गोळा करताना, माणसं बोलावताना, गावकीच्या कामात. मान असतो, थोडी जमीन असते, पण लेखणी त्याच्याकडे नसते. लेखणी कुलकर्ण्याकडे. कुणाचा किती सारा बाकी, कुणाच्या नावावर कुठला तुकडा, कुणाचं काय चुकलं हे सगळं कुलकर्ण्याच्या दफ्तरात आणि ते मोडीत, वाचणारा तोच. जोतीरावांचे पणजोबा इथले चौगुले. चरित्रात येतं ते असं की गावच्या कुलकर्ण्याने त्यांना छळ छळ छळलं, आणि एक दिवस सहन न होऊन त्यांनी त्याला मारलं. जीव गेला. रातोरात कुटुंबाने गाव सोडलं.

पारावर हे विचारताना मला अवघड वाटत होतं, कसंही झालं तरी खुनाची गोष्ट आहे, मेलेल्या माणसाचंही घर असणार, त्याचीही पोरं असणार. आजोबांनी फार वेळ घेतला नाही. म्हणाले, "त्ये झालं आसंल तसं. पर मानूस उगं हात उचलत न्हाई, आन उचलला की घर ऱ्हात न्हाई." एवढंच. दुसऱ्या एकांनी सांगितलं की आता गावात कुलकर्णी काय आणि चौगुला काय, तलाठी येतो तालुक्याहून, सातबारा मोबाईलवर निघतो. बरोबरच आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1918 मध्ये कुलकर्णी वतनं बंद केली, आणि आपल्या मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने ती गेली. म्हणजे या घराण्याने ज्या पायी गाव सोडलं ती गोष्ट जायला जोतीरावांच्या मरणानंतरही साठ वर्षं लागली.

ही सगळी हकीकत मुख्यतः सांगोवांगीच आलेली आहे हे पण सांगायला पाहिजे. 1927 मध्ये पंढरीनाथ पाटलांनी मराठीत जोतीरावांचं चरित्र लिहिलं तेव्हा जोतीरावांना पाहिलेली, ऐकलेली माणसं हयात होती, सत्यशोधक समाजाच्या लोकांच्या आठवणी होत्या. पळून गेलेल्या माणसाची हकीकत अशीच टिकते, पोटच्या पोराला सांगितली जाते, तो त्याच्या पोराला सांगतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. कुलकर्ण्याच्या दफ्तरात चौगुल्याची बाजू कुणी लिहून ठेवली असती?

गावातून फिरलो. माळावर उभं राहून आत्या बांध दाखवत होती, कारण जोतीरावांनी सरकारला सुचवलं होतं की डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, पावसाचं पाणी आणि वाहून जाणारी माती शेतात जिरू दे, त्यासाठी पलटणीतल्या रिकाम्या शिपायांना लावा. हे एकोणिसाव्या शतकात. आणि आज खटाव-माणमधली गावं नेमकं तेच करताहेत, श्रमदानाने बंधारे, समतल चर. पणजोबांच्या गावाला पणतवाचं म्हणणं सगळ्यात जास्त लागू पडतंय.

आणि मग आत्याने ती गोष्ट काढली जी तिला बहुतेक वाड्यावरच बोलायची होती. जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हतं. 1863 मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी पोटातलं पोर मारू नये, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं म्हणून. तिथे काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा आली, तिचा मुलगा यशवंत, 1874 साली या दोघांनी त्याला दत्तक घेतला. शिकवला, डॉक्टर केला, आणि तो फुले म्हणूनच जगला, प्लेगच्या साथीत आईच्या सोबतीने काम केलं, 1905 मध्ये तोही प्लेगनेच गेला. "बघ ना," आत्या म्हणाली, "ज्या घराला कुलकर्ण्याच्या खुनापायी इथनं पळावं लागलं, त्याच घरानं आपलं नाव एका ब्राह्मणीच्या पोराला दिलं. चौथ्या पिढीत." ती हे सांगताना पारावरची मंडळी ऐकत होती. एक जण म्हणाले, हे आमच्या पोरांना येऊन सांगा शाळेत. आत्याने नंबर घेतला. जाणार आहे ती, नक्की जाणार.

मी वंशावळीसाठी एक तक्ता करून आणला होता, वर पणजोबा, मग शेटिबा, मग तिघे भाऊ, मग राजाराम आणि जोतीराव, मग यशवंत. रेषा सगळ्या सरळ काढलेल्या, यशवंतची तेवढी तुटक, दत्तक दाखवायला असते तशी. आत्याने पेन मागितलं आणि ती रेष भरून काढली.

दुपारी निघालो. परतताना मात्र हायवे धरला, सातारा, खंबाटकीचा बोगदा, खंडाळा, आणि शिरवळच्या अलीकडे नायगावला आत वळलो. सावित्रीबाईंचं माहेर. 3 जानेवारी 1831 चा जन्म, खंडोजी नेवसे पाटलांची थोरली लेक, 1840 मध्ये लग्न होऊन पुण्याला गेली. घर सरकारने स्मारक म्हणून नीट जपलंय, दगड-मातीचं, लाकडी खांब, आत जुन्या घरातल्यासारख्या वस्तू, आवारात शिल्पं आणि प्रसंग. 3 जानेवारीला इथे मुंगी शिरायला जागा नसते, आज आम्ही आणि सोलापूरकडचं एक कुटुंब, एवढेच.

कटगुणहून आल्यावर हे घर वेगळंच दिसतं. नेवसे इथले पाटील, पाय रोवून उभे, गावात वजन. आणि त्यांनी लेक दिली ती गाव सोडून पुण्यात गेलेल्या घरात, जिथे नावसुद्धा एका पिढीपूर्वीचं. गोविंदरावांनी फुलांवर-भाजीवर घर किती सावरलं होतं हे मला या सोयरिकीवरून कळलं, 35 एकरांच्या गोष्टीवरून नाही. आणि ही नाळ तुटली नाही. सावित्रीबाई आजारी पडल्या की माहेरी यायच्या, 1856 आणि 1868 ची जोतीरावांना लिहिलेली त्यांची पत्रं नायगावहूनच आहेत. 1856 च्या पत्रात भाऊ त्यांना म्हणतो की तुम्ही नवराबायको जातीला सोडून वागता, आणि त्या त्याला तिथेच, माहेरच्या घरात बसून, शांतपणे उत्तर देतात. आत्या त्या ओसरीवर बसून राहिली होती. तिला म्हटलं निघूया, खेड शिवापूरला गर्दी लागेल, तर म्हणाली थांब गं पाच मिनिटं.

कुणाला जायचं असेल तर कटगुणला साताऱ्याहून दहिवडीकडे जाणाऱ्या एसटीने पुसेगावला उतरायचं, पुढे वडाप मिळतं. खानवडीला सासवडहून जायचं, स्वतःची गाडी असेल तर बरं, आणि फुलं उभी असतात तेव्हा जा. तिथल्या माणसांशी बोला, विमानतळाचं त्यांच्या तोंडून ऐका. नायगाव हायवेपासून जवळ आहे, पुण्याहून एका दिवसात होतं.

आमचं पुढचं ठरलंय. जोतीरावांचा जन्म जोतिबाच्या यात्रेच्या दिवशीचा, म्हणून नाव जोती ठेवलं असं सांगतात. तर चैत्रात यात्रेला वाडी रत्नागिरीला जायचं, आत्याने सासनकाठ्यांच्या दिवशीचं कोल्हापूरचं बुकिंग आत्ताच बघायला सांगितलंय.